गुलमर्ग, लेह आणि पुढे युरोप: हिवाळी खेळ मैदानावर उभं राहून बघायचे तर तयारी काय लागते?

बालाघाटी (बीड)

आमच्याकडची चार माणसं येत्या हिवाळ्यात खेलो इंडिया विंटर गेम्स (सरकारची राष्ट्रीय हिवाळी क्रीडा स्पर्धा) बघायला जायलोत. खेळायला नाही, नुसतं बघायला. नेटवर जे सापडतंय ते एकतर बर्फात फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी आहे, नाहीतर स्की शिकणाऱ्यांसाठी. बघणाऱ्यानं काय करावं हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून इथं विचारायलो:

गुलमर्ग बरं की लेह? मराठवाड्यातून सगळ्यात भरवशाचा रस्ता कोणता? कपडे कोणते, किती? कोणता खेळ कुठं उभं राहून बघावा? आणि दोन-तीन वर्षांनी युरोपातली एखादी मोठी स्पर्धा बघायची असेल तर आत्तापासून काय ध्यानात ठेवावं?

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाटीभाऊ, आधी जागा ठरवा, कारण दोन्हीकडं खेळच वेगळे आहेत. लेहला रिंकवरचे, म्हणजे गोठवलेल्या बर्फाच्या मैदानावरचे खेळ: आइस हॉकी आणि स्केटिंग. गुलमर्गला उतारावरचे आणि मैदानावरचे: अल्पाइन स्कीइंग, नॉर्डिक म्हणजे क्रॉस-कंट्री, स्नोबोर्ड, स्की माउंटेनिअरिंग. लेहचा टप्पा साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि गुलमर्गचा त्यानंतर, असा क्रम असतो. २०२४ ला लेह २ ते ६ फेब्रुवारी आणि गुलमर्ग २१ ते २५ फेब्रुवारी होतं.

आता सगळ्यात मोठी अडचण: बर्फ. २०२५ ला लेहचा टप्पा जानेवारीअखेर वेळेवर झाला, पण गुलमर्गला फेब्रुवारीत पुरेसा बर्फच नव्हता. २२ ते २५ फेब्रुवारीच्या तारखा पुढे ढकलून ९ ते १२ मार्च कराव्या लागल्या. हे पुन्हा होऊ शकतं. लेहला गोठायला नुसती थंडी लागते आणि ती तिथं हमखास असते. गुलमर्गला मात्र आभाळातून पडावं लागतं. म्हणून गुलमर्गला जाणाऱ्यानं पैसे परत न मिळणारं तिकीट काढूच नये आणि हॉटेलही तारीख बदलून देणारंच घ्यावं.

रस्ता असा. नांदेडहून जम्मूला जाणारी साप्ताहिक हमसफर आहे. जून २०२५ पासून चिनाब पुलावरून रेल्वे थेट खोऱ्यात जाते, कटऱ्याहून श्रीनगर वंदे भारतनं साधारण तीन तास. याचं महत्त्व एवढं की जम्मू-श्रीनगर हायवे रामबनच्या टापूत दरड कोसळली किंवा बर्फ पडला की एक-दोन दिवस सहज बंद राहतो. रेल्वेनं ती धास्ती बरीच कमी केली. विमानानं जायचं तर छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली आणि तिथून श्रीनगर. पण दिल्लीला जानेवारीत धुकं असतं, त्यामुळं दोन विमानांत दीड तासाचं अंतर ठेवून बुकिंग करू नका. दिल्लीला एक मुक्काम धराच.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर, त्यातले शेवटचे १३ टंगमर्गपासूनच्या चढाचे. ताजा बर्फ पडला की टंगमर्गच्या वर फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेली गाडी सोडतात. श्रीनगरहून टॅक्सी ठरवताना "टंगमर्गपर्यंत की गुलमर्गपर्यंत" हे बोलीतच पक्कं करून घ्या. तसं केलं नाही तर टंगमर्गला दुसऱ्या गाडीचे पैसे द्यावे लागतात.

लेहला हिवाळ्यात मनालीचा रस्ता बंद आणि श्रीनगरकडून जोजिला घाटाचा भरवसा नाही, म्हणून विमानच. ती विमानं सकाळची असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी कुठं हजर व्हायचं असेल तर लेह टाळा.

एक विसरू नका: सिम पोस्टपेड हवं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडं चालत नाही.

परभणीकर_७०

कपड्यांचं मी लिहितो. परभणीत पारा ५-६ वर आला की आपल्याला वाटतं थंडी कळली. ती थंडी चालत्या माणसाची. स्पर्धा बघणारा माणूस तीन-तीन तास एका जागी उभा असतो. चालणाऱ्याचं शरीर उष्णता तयार करतं, उभ्या माणसाचं फार कमी करतं. म्हणून जो जाकीट-बूट ट्रेकला पुरतो तो इथं पुरत नाही. तापमानाच्या आकड्यावर एक जादा थर असं धरून चाला.

वारा मोजा. उणे १० अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला उणे २० सारखं लागतं. उतारावर वारा असतोच.

अंगाला लागून लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल. सुती बनियन नकोच: रस्ता चढताना घाम येतो, तो सुतात मुरतो आणि उभं राहिल्यावर पाठ गार पडते. त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. हिवाळ्यात आपल्याकडं तिबेटी विक्रेते येतात, त्यांच्याकडचं जाड स्वेटर या मधल्या थराला चालतं. त्यावर पिसांचं किंवा पॉलिफिलचं फुगीर जाकीट आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं कवच. पायाला थर्मल, त्यावर जाड पँट आणि वर पाणी न शिरणारी पँट. जीन्स घालून कोणी येऊ नये. ओली जीन्स तिकडं वाळत नाही, कडक होते.

हे सगळं अंगावर चढवून घरून निघू नका. चढावर एक थर पिशवीत ठेवायचा आणि जागेवर पोचलं की अंग गरम असतानाच तो चढवायचा. गार पडल्यावर जाकीट घातलं तर ते गारठाच धरून ठेवतं.

आता पाय. माझ्या मते निम्मी तयारी पायाचीच आहे आणि लोक तिथंच चुकतात. थंडी वरून कमी आणि तळव्यातून जास्त शिरते, कारण बर्फ बुटाच्या तळाला सतत चिकटलेला असतो. दोन मोजे घालून बूट घट्ट केला तर रक्त पायाच्या बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि उलट लवकर बधिर होतं. एकच जाड लोकरी मोजा आणि बूट एक नंबर मोठा. आत बोटं हलली पाहिजेत. टंगमर्गला भाड्यानं गमबूट मिळतात. ते पाणी अडवतात, ऊब देत नाहीत. त्यात फेल्टचा किंवा जाड लोकरी इनसोल आपला घालायचा, म्हणून तो इथून घेऊन जा.

आणि उभं राहायला पायाखाली काहीतरी हवं. योगा मॅटचा किंवा ट्रेकिंगच्या फोम मॅटचा दीड फूट बाय एक फूट तुकडा कापून पिशवीत टाका. वजन नाही, किंमत नाही, आणि दुसऱ्या तासाला त्याची किंमत कळते.

हाताला आत पातळ हातमोजे, वर मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे. फोन काढायचा तर वरचा काढा, आतला राहू द्या. मिटन दोरीनं मनगटाला बांधा. उतारावर पडलेला मिटन सापडत नाही.

मांजराथडी (लातूर)

परभणीकरमामा, फोमच्या तुकड्यापेक्षा घोंगडी का नको? धनगरी घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, बसायलाही होते.

परभणीकर_७०

मांजराथडीताई, घोंगडी पाठीवर घ्यायला उत्तम, पायाखाली नाही. बुटांच्या उबेनं खालचा बर्फ थोडा वितळतो, ते पाणी लोकर शोषते, मग थंडीत ती फळीसारखी गोठते. फोममध्ये हवेचे बंद कप्पे असतात, पाणी आत जात नाही. शिवाय विमानात वजनाचा हिशेब आहे. रेल्वेनं जाणाऱ्यांनी मात्र एक घोंगडी जरूर न्यावी. खोलीत आणि गाडीत तिचा फार उपयोग होतो.

उतार_चढ (छत्रपती संभाजीनगर)

कुठं उभं राहावं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या जागी उभं राहिलं तर चार तासांत चाळीस माणसं तीन-तीन सेकंद दिसतात आणि खेळ कळतच नाही.

गुलमर्गला अल्पाइन स्पर्धा कोंगदूरीच्या उतारावर होतात. तिथं गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यानं जावं लागतं. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, ओळखपत्र तेच सोबत ठेवा. सकाळी स्पर्धेच्या दीड तास आधी रांगेत असा, कारण पर्यटकांची गर्दीही त्याच रांगेत असते. वारा सुटला की गोंडोला थांबवतात, दुसरा टप्पा आधी बंद होतो.

अल्पाइनमध्ये स्लॅलम (रोवलेल्या खांबांमधून नागमोडी उतरायची शर्यत) असेल तर फिनिशपाशी राहा. गेट, म्हणजे ते खांब, एकमेकांच्या जवळ असतात, उतार आखूड असतो, त्यामुळं बराचसा कोर्स खालून दिसतो. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींच्या वेळांची बेरीज धरतात. दुसऱ्या फेरीला कोर्स नव्यानं आखतात. वर्ल्ड कप आणि ऑलिंपिकला दुसऱ्या फेरीत पहिल्या तीसांना उलट्या क्रमानं सोडतात, म्हणजे तिसावा आधी आणि पहिला शेवटी. म्हणून पहिली फेरी बघून निघून जाऊ नका, खरी चुरस दुसरीच्या शेवटच्या दहा मिनिटांत असते. खेळाडू खाली येऊन एकदम थांबला आणि हात हलवू लागला तर बहुतेक त्याचं गेट चुकलेलं असतं. दोन्ही पाय आणि दोन्ही स्कीची टोकं गेटच्या रेषेतून गेलीच पाहिजेत, एक पाय बाहेरून गेला की बाद.

जायंट स्लॅलमला (यात गेट लांब लांब असतात) फिनिशपेक्षा मधलं एखादं तीव्र वळण धरा. तिथं स्कीच्या कडेवर माणूस कसा झुकतो, बर्फ कसा उडतो आणि वेळ कुठं जातो हे दिसतं. पण जाळीला खेटून उभं राहू नका. खेळाडू जाळीवर आदळला की जाळी मागे ताणली जाते. तीन मीटर मागे राहा, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला तर नकोच, कारण घसरणारा माणूस त्याच बाजूला जातो.

क्रॉस-कंट्री गोल्फ कोर्सच्या मैदानावर असते, तिथं गोंडोला लागत नाही. फेऱ्या असल्यामुळं तेच खेळाडू पुन्हा पुन्हा समोरून जातात. पहिल्यांदा हिवाळी खेळ बघणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. जागा छोट्या चढाच्या माथ्यावर घ्या, माणूस तिथंच मोडतो किंवा पुढे निघतो. एक ध्यानात असू द्या: इंटरव्हल स्टार्ट असेल तर ठरावीक सेकंदांनी एकेकाला सोडतात, मग समोरून पहिला गेलेला पहिला असेलच असं नाही. स्टार्ट लिस्ट आणि घड्याळ घेऊन स्वतः वेळ टिपा. गुलमर्गला युरोपासारखे मोठे पडदे सगळीकडं नसतात, घोषणा करणाऱ्याकडं कान ठेवा.

स्की माउंटेनिअरिंग हा २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलेला खेळ. स्प्रिंटमध्ये स्कीच्या तळाला चिकटवलेल्या स्किनवर (मागे घसरू न देणाऱ्या पट्टीवर) चढ, मग स्की पाठीवर टाकून पायी चढ, पुन्हा स्किन, आणि शेवटी स्किन काढून उतार. सगळं तीनेक मिनिटांत. बघायचं ते बदलाच्या पट्ट्यात: स्किन ओढून काढून सूटच्या आत कोंबायची, ती बाहेर पडली तर दंड. दहा सेकंद इथं गेले तर चढावर मिळवलेलं सगळं गेलं.

आरिफ खान हा बीजिंग २०२२ ला भारताचा एकटाच खेळाडू होता आणि तो याच गुलमर्गच्या उतारांवर घडला. त्यानं जायंट स्लॅलममध्ये ४५ वा क्रमांक मिळवला. ४५ हा आकडा छोटा वाटेल, पण त्या दिवशी शर्यत पुरी न करू शकलेले पुष्कळ होते. हे उतार डोळ्यांनी पाहिले की तो आकडा नीट कळतो.

अजिंठ्याची_वाट

लेहच्या आइस हॉकीबद्दल. तीन भाग, प्रत्येकी २० मिनिटं, आणि घड्याळ खेळ थांबला की थांबतं, म्हणून सामना दोन-सव्वादोन तास धरा. मधल्या सुट्टीत आत ऊब घ्या, चहा घ्या, पण संपूर्ण जाकीट काढू नका.

नियम दोनच समजून घ्या. पक (हॉकीच्या चेंडूच्या जागी असते ती चपटी चकती) निळी रेषा ओलांडायच्या आधी हल्ला करणाऱ्या संघाचा खेळाडू पुढे गेला तर ऑफसाइड. आणि आपल्या अर्ध्यातून पक मारून थेट पलीकडच्या गोल-रेषेच्या पार घातला तर आयसिंग. या दोन शिट्ट्या कळल्या की बाकीचं आपोआप कळतं.

पक टणक रबराचा, १६० ग्रॅमच्या आसपास. उघड्या रिंकवर गोलच्या मागे उंच जाळी नसेल तर तिथं उभं राहू नका, लेकरांना तर अजिबात नाही. निळ्या रेषेच्या समोरची, थोडी उंचावरची जागा सगळ्यात चांगली, पकही दिसतो आणि संघाची आखणीही. आणि सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा. दुपारी बर्फ इतका चमकतो की पक दिसत नाही.

मुलींचे सामने चुकवू नका. भारतीय महिला संघानं २०२५ च्या आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. लेहच्या रिंकवर त्यांच्यासाठी गाव कसं ओरडतं ते तिथं उभं राहूनच ऐकावं.

वैद्य_उदगीर

तब्येतीचं कोणी लिहिलं नाही, ते आधी यायला हवं होतं.

संभाजीनगर साधारण ५७० मीटर, नांदेड त्याहून खाली. लेह ३५०० मीटर. विमानानं एका सकाळीत तिथं उतरलात की पहिले ४८ तास काही करायचं नाही. सामना असला तरी नाही. पाणी आणि गरम पातळ पदार्थ भरपूर, दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीला होतं. पण विश्रांतीतही धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बीपी, दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल त्यांनी निघायच्या आधी तपासणी करावी.

गुलमर्ग २६५० मीटर, तिथं त्रास कमी. पण गोंडोलाचा दुसरा टप्पा ३९०० च्या वर नेतो. तो पहिल्या दिवशी करू नका.

डोळे आणि कातडी: ताजा बर्फ जवळजवळ ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो. ऊन वरून आणि खालूनही. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूनं बंद असलेला गॉगल घ्या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, दर दोन तासांनी. डोळे भाजले तर ते तेव्हा कळत नाही, सहा ते बारा तासांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

नाकाचा शेंडा, कान, बोटं पांढरी आणि बधिर झाली तर चोळायचं नाही, बर्फानं तर मुळीच नाही. बोटं काखेत धरा, नाकावर उबदार तळवा ठेवा. बुखारी (खोलीतली शेगडी) किंवा कांगडीला (निखाऱ्यांच्या टोपलीला) थेट लावू नका: बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजतं. आणि खोलीत कोळशाची किंवा लाकडाची बुखारी पेटती ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

मांजराथडी (लातूर)

खायचं मी सांगते. धपाटे चार दिवस टिकतात, पण पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवले तर उणे दहाला दातानं तुटत नाहीत. सुती फडक्यात गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात, म्हणजे अंगाच्या उबेनं मऊ राहतात. गुडदाणी उत्तम, पण तुकडे बोराएवढे करून न्या. थंडीत मोठी वडी फुटत नाही आणि मिटन काढून फोडत बसावं लागतं. शेंगदाण्याची चटणी चालते, तेलाचं लोणचं गोठतं. पाण्याची बाटली उलटी ठेवा: पाणी वरून गोठायला लागतं, मग झाकणाचं तोंड मोकळं राहतं. माणशी अर्धा लिटरचा स्टीलचा थर्मास, आधी उकळत्या पाण्यानं विसळून मग भरायचा.

बालाघाटी (बीड)

फार कामाचं मिळालं. फोन आणि कॅमेऱ्याचं काय? आणि युरोपाचं राहिलं.

उतार_चढ (छत्रपती संभाजीनगर)

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. लिथियम बॅटरी गारठली की चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते, ऊब मिळाली की पुन्हा चालू होते. पॉवर बँक विमानात केबिनच्या सामानातच. कॅमेरा बाहेरून थेट उबदार खोलीत नेऊ नका. आधी बाहेरच झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, खोलीत तासभर तसाच राहू द्या, मग उघडा. नाहीतर आत पाणी साचतं.

युरोपासाठी एकच सल्ला मनापासून: ऑलिंपिकच्या आधी एखादी वर्ल्ड कप स्पर्धा बघा. २०२६ चं ऑलिंपिक मिलान, कोर्तिना, लिविन्यो, बोर्मिओ, प्रेदाझ्झो असं डोंगरभर पसरलेलं होतं, दोन ठिकाणांमधला घाटरस्ताच दिवस खातो. २०३० चं फ्रेंच आल्प्समध्ये आहे, तिथंही एक टापू पकडून बसावं लागेल.

त्यापेक्षा फोर हिल्स ही स्की जंपिंगची मालिका बघा. चार गावं, दहा दिवसांच्या आत: ओबर्स्टडॉर्फ २९ डिसेंबर, गार्मिश १ जानेवारी, मग इन्सब्रुक, आणि बिशोफ्सहोफेन ६ जानेवारी. गावं रेल्वेनं जोडलेली. आदल्या दिवशीची पात्रता फेरी कमी गर्दीत बघता येते. पहिल्या फेरीत पन्नास जण पंचवीस जोड्यांत लढतात, जिंकलेले पंचवीस आणि हरलेल्यांतले सर्वात चांगले पाच पुढे जातात. तिकीट उतरणीच्या बाजूच्या उभ्या जागेचं घ्या, के पॉइंटच्या (उतरणीवर आखलेल्या, गुण मोजायच्या रेषेच्या) जवळ. उडी तिथं तुमच्या डोळ्यांसमोर उतरते. के पॉइंटला ६० गुण, मोठ्या टेकडीवर पुढच्या प्रत्येक मीटरला १.८. शिवाय पाच पंचांपैकी सर्वात जास्त आणि सर्वात कमी सोडून तिघांचे गुण. एवढं कळलं की पडद्याकडं न बघताही अंदाज लागतो.

डाउनहिल (सगळ्यात वेगवान उताराची शर्यत) बघायची तर स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न, जानेवारीच्या मध्यात. गावात मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या गाडीनंच जावं लागतं. शर्यत जवळजवळ साडेचार किलोमीटरची, म्हणून एकाच जागेवरून तिचा तुकडाच दिसतो. हुंडशोफ या कड्यावरची उडी बघायची तर वेंगर्नआल्प स्टेशनला उतरा. फिनिश बघायची तर गावात राहा. दोन्ही एका दिवशी जमत नाही. शर्यत संपल्यावर परतीच्या गाडीला फार मोठी रांग लागते, तेव्हा उभं राहण्याचा एक तास जादा धरूनच कपडे घाला.

गोदाकाठ (नांदेड)

व्हिसाचं जोडतो. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एका व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, डिसेंबरच्या प्रवासासाठी सप्टेंबरातच करा. अर्ज त्या देशाकडं जिथं रात्री जास्त. फोर हिल्समध्ये दोन गावं जर्मनीत आणि दोन ऑस्ट्रियात, म्हणून मुक्काम आधी मोजा. दोन्हीकडं सारखेच भरले तर ज्या देशात आधी शिरणार त्याच्याकडं. फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याला जावं लागतं, ती खेप हिशेबात धरा. विम्याच्या कागदात स्की आणि स्लेज वगळलेलं असतं. तिथं गेल्यावर स्लेजवर बसायचा मोह होतोच, तर ते कलम आधी वाचा.

बालाघाटी (बीड)

सहा वर्षांचं लेकरू सोबत न्यावं का, असं घरून विचारतायत.

वैद्य_उदगीर

गुलमर्गला न्या, लेहला नको. पण तीन तास उभं ठेवू नका. दर चाळीस मिनिटांनी आत न्या, बूट काढून मोजे हात घालून बघा. लेकरू खेळण्याच्या नादात पाय गार पडले हे सांगत नाही. मोजे दमट लागले तर तिथल्या तिथं बदला, म्हणून त्याचे तीन जोड मोठ्या माणसाच्या आतल्या खिशात ठेवा.